दिवाळे काढण्याची ऐपत

दिवाळे फुकट निघते, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात पूर्वापार रूढ आहे. जवळचे द्रव्य संपले, दाराशी धनकोंची रीघ लागली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने उधारीची वही मिटून घेतली, म्हणजे मनुष्य आपोआप दिवाळखोर ठरतो आणि त्यासाठी त्याला निराळा खर्च पडत नाही, अशी भाबडी समजूत ज्यांनी आजन्म बाळगली, त्यांना आम्ही सविनय कळवू इच्छितो की, या अवस्थेला कायद्याच्या लेखी काहीही नाव नाही. ती केवळ विवंचना होय. दिवाळखोरी ही पदवी आहे. ती न्यायालय देते. आणि इतर पदव्यांप्रमाणेच तिच्यासाठीही अर्ज, शुल्क, दाखले, प्रतिज्ञापत्रे आणि एक सशुल्क मार्गदर्शक लागतो.

सामान्य माणसाच्या दिवाळ्याची व्यवस्था आपल्या देशात आजही इंग्रजी अमदानीतील दोन कायदे पाहतात: मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांपुरता १९०९ चा, आणि उर्वरित मुलखासाठी १९२० चा. २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर करून या दोन्ही वृद्धांना सेवानिवृत्त करण्याचा संकल्प सोडला खरा. परंतु व्यक्तींच्या दिवाळ्याविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. ज्याने स्वतःच्या दुकानासाठी, आईच्या शस्त्रक्रियेसाठी अथवा मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढले, तो कर्जदार कायद्याच्या हिशेबी अद्याप १९२० सालातच राहतो. त्या सालचे औदार्य असे की, कर्ज पाचशे रुपयांचे असले तरी ऋणकोला नादारीचा अर्ज करण्याचा हक्क पोहोचतो. आज पाचशे रुपयांचे देणे नसलेला मनुष्य सापडणे कठीण, आणि पाचशे रुपयांत नादारीचा अर्ज चालवणारा वकील सापडणे त्याहून कठीण.

वकिलावाचून अर्ज करण्यास कायद्याची मनाई नाही. अर्जात फक्त प्रत्येक धनकोचे नाव, ठावठिकाणा आणि रक्कम, स्वतःच्या यच्चयावत स्थावर-जंगम मिळकतीचा तपशील, ती कोठे आहे याचा उल्लेख, आणि जप्तीतून वगळलेल्या चीजवस्तू सोडून बाकी सारी मिळकत न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी, एवढेच लिहावयाचे असते. ज्याला हे सारे बिनचूक लिहिता येते, ज्याच्या वह्या अद्ययावत आहेत आणि ज्याला आपण कोणाचे किती लागतो हे आण्यापैसह ठाऊक आहे, असा मनुष्य सहसा दिवाळखोर होतच नाही. आणि जो झालेला असतो, त्याच्या हिशेबाचे कागद देवघराखालच्या ट्रंकेत, विजेच्या बिलांत आणि पत्नीच्या स्मरणशक्तीत विभागलेले असतात. त्यांना एकत्र बांधून न्यायाधीशमहाराजांपुढे सुसंगत स्वरूपात मांडण्याच्या कलेला वकिली म्हणतात, आणि ही कला उधारीवर मिळत नाही.

आता कल्पना करा की, तालुक्याच्या गावी छापखाना चालवणारे एक गृहस्थ आहेत. लग्नपत्रिका मोबाईलवर जाऊ लागल्यापासून यंत्राचे हप्ते थकले, कागदवाल्याने दावा लावला, पतसंस्थेने वसुलीचा दाखला मिळवला, आणि जप्तीचा बेलिफ दोनदा चहा घेऊन गेला. तेव्हा हे गृहस्थ धैर्य एकवटून वकिलांच्या पायऱ्या चढतात.

“वकीलसाहेब, आता माझ्याजवळ काहीच उरले नाही,” ते म्हणतात.

“उत्तम,” वकीलसाहेब म्हणतात. “प्रकरण मजबूत आहे. वकीलपत्रावर सही करा आणि निम्मी फी आज ठेवून जा.”

“पण साहेब, काहीच उरले नाही म्हणूनच तर आपल्याकडे आलो.”

“ते न्यायालयाला सांगायचे. मला सांगून कसे चालेल?”

या संवादात कोणी वकीलसाहेबांना निर्दय ठरवील, तर तो मोठा अन्याय होईल. या गृहस्थांना आजवर ज्यांनी ज्यांनी पैसे दिले, ते बँकेचे व्यवस्थापक, पतसंस्थेचे संचालक, कागदवाले आणि मेहुणे, या सर्वांनी ‘हा मनुष्य पैसे फेडील’ असा विश्वास बाळगला आणि ते सर्व फसले. अखिल तालुक्यात त्यांच्या सांपत्तिक स्थितीचे अचूक निदान करणारा एकमेव मनुष्य म्हणजे हा वकील होय. शिवाय त्याचेही हात बांधलेले आहेत. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा वसुलीत वाटा घेण्यास वकील परिषदेच्या नियमांची बंदी आहे. आणि फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. म्हणजे काम आधी करून फी मागून घ्यावी, तर स्वतःच तयार केलेल्या धनकोंच्या यादीत स्वतःचे नाव, तेही तळाशी, लिहिण्याची पाळी त्याच्यावर यावयाची. इतका अव्यवहारीपणा ज्याच्या ठायी असेल, त्याच्या हाती आपले दिवाळे सोपवणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार पक्षकारानेच करावा.

तेव्हा प्रश्न उरतो तो पैसा उभारण्याचा. घरातील भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे आणि कारागिराची हत्यारे यांना दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून अभय दिले आहे. परंतु हे अभय बेलिफापासून आहे, वकिलापासून नव्हे, हे सूक्ष्म अंतर अनेक संसारांना फार उशिरा उमगते. मेहुण्यांकडून आणखी उसने घ्यावे, तर मेहुणे म्हणतात, “भाऊजी, आधीचे माझे तेवढे देऊन टाका, मग बघू”. आणि तसे द्यावे, तर अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांहून झुकते माप देण्याच्या हेतूने केलेले प्रदान कायद्याने रद्दबातल ठरते, सबब ते पैसे मेहुण्यांच्या घशातून पुन्हा काढले जाण्याचा आणि त्याबरोबर नातेसंबंधही संपुष्टात येण्याचा संभव असतो. पत्नीचे दागिने हा शेवटचा मार्ग. आणि आम्ही खात्रीने सांगू शकतो की, या देशातील कित्येक नादारीचे अर्ज ज्या दिवशी दाखल होतात, त्याच्या आदल्या दिवशी सराफाकडे काहीतरी वजन केले गेलेले असते.

बरे, एवढे सव्यापसव्य करून ही पदवी हाती पडली, म्हणजे सुख लागते असेही नाही. मुक्ततेचा हुकूम मिळेपर्यंत नादार मनुष्याने आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक रकमेची उधारी घेतली, तर १९२० च्या कायद्यान्वये त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो काळ पन्नास रुपये हा एखाद्या कारकुनाचा मासिक तनखा असण्याचा होता. आज दोन मिसळपाव उधार मागण्यापूर्वी कायदाभीरू नादाराने गल्ल्यावरच्या मालकापुढे हात जोडून आपल्या विधिमान्य स्थितीची घोषणा करणे प्राप्त आहे. लोकसभेत वा विधानसभेतही त्याला बसता येत नाही. संविधानानेच मज्जाव केला आहे. कर्जबुडव्यांना हा मज्जाव लागू होण्यासाठी त्यांनी आधी रीतसर नादार ठरणे आवश्यक असते, आणि तशी घाई त्यांच्यापैकी कोणाला झालेली आमच्या पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, गरिबांसाठी मोफत कायदेशीर साहाय्य आहे की! आहे, आणि ते थट्टेचा विषय नव्हे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना, कोठडीतील इसमांना आणि ठरावीक उत्पन्नाखालील सर्वांना सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली आहे, आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातच समिती बसते. आमचे छापखानेवाले तेथे का गेले नाहीत? कारण पाटीवर ‘गरिबांसाठी’ असे लिहिलेले त्यांनी वाचले, आणि ज्या मनुष्याने गेल्याच गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी पावती क्रमांक एकवर फाडली, त्याला ते अक्षर उल्लंघून आत जाणे जमले नाही. शिवाय उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या कचेरीत जावे, तर तलाठी हे पतसंस्थेचे सभासद! म्हणून त्यांनी अब्रू राखण्यासाठी खासगी वकील केला. अब्रू ही मिळकतीच्या तपशिलात लिहावी लागत नाही, हाच तिचा एक दोष आहे. लिहावी लागती, तर तिच्या रक्षणाचा खर्चही न्यायालयाच्या ध्यानी आला असता.

२०१६ च्या संहितेत अगदीच अकिंचनांसाठी ‘नवी सुरुवात’ अशा मंगल नावाची एक प्रक्रिया योजलेली आहे. तिचा लाभ घेण्यास वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून, एकूण मालमत्ता २०,००० रुपयांहून आणि माफ व्हावयाचे कर्ज ३५,००० रुपयांहून अधिक असता कामा नये, आणि स्वतःचे घरही असता कामा नये. मंजूर झाल्यापासून हे प्रकरण छापील पुस्तकात सुखरूप आहे. ते अमलात आणून त्याची शाई खराब करण्याचे पातक सरकारने अजून केलेले नाही. उद्या ते लागू झालेच, तर पस्तीस हजारांच्या कर्जातून सुटण्यासाठी मनुष्य ज्या वकिलाकडे जाईल, त्याची फी त्या कर्जाशी बरोबरीची स्पर्धा करील, आणि एका धनकोच्या जागी दुसरा धनको बसवण्यालाच नवी सुरुवात म्हणावयाचे असेल, तर तेवढ्यापुरते नाव सार्थ ठरेल.

याउलट, थोरांच्या घरी दिवाळे कसे निघते, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे प्रक्रियेचा खर्च, म्हणजे समाधान व्यावसायिकाचे मानधन आणि त्याच्या सल्लागारांच्या फिया, सर्व धनकोंच्या आधी, अग्रक्रमाने चुकते करावे लागतात, असे संहिताच सांगते. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाच्या तेरा कंपन्यांवरील सुमारे ६४,८०० कोटी रुपयांच्या मान्य दाव्यांपोटी मुंबईच्या न्यायाधिकरणाने २०२१ साली जो आराखडा मंजूर केला, तो अवघ्या २,९६२ कोटींचा होता. म्हणजे धनकोंना शंभर रुपयांमागे पाच रुपयेही येत नव्हते. पुढे अपिलात तो रद्द झाला. पण मूळ न्यायाधिकरणात, अपिलात आणि त्याच्याही वर, प्रत्येक पायरीवर जे काळे डगले उभे होते, त्यांच्या फीला कोणी शंभरामागे पाच रुपये देऊ केल्याचे ऐकिवात नाही. लहान दिवाळ्यात वकिलाचे पैसे आधी द्यावे लागतात आणि मोठ्या दिवाळ्यातही; समता म्हणतात ती हीच. फरक इतकाच की, मोठ्या दिवाळ्यात ते धनकोंच्या वाट्यातून जातात आणि लहान दिवाळ्यात बायकोच्या पाटल्यांतून.

धर्मादायासाठी फारसे प्रसिद्ध नसलेल्या इंग्रज सरकारला हे कोडे एकदा सुटले होते, हे आमच्या स्वराज्यातील कायदेपंडितांच्या कानांवर घातले पाहिजे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली, आणि दंग्याचे लोण आसपासच्या गावांतून पसरले, तेव्हा हादरलेल्या सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पन्नास रुपयांच्या कर्जावरही नादारी मागता येऊ लागली. आणि शंभर रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत या कायद्याखाली वकील-मुखत्यारांना उभे राहण्यासच मनाई झाली. त्याहून मोठ्या प्रकरणात सावकाराने वकील आणला, तर न्यायाधीशाने शेतकऱ्याच्या बाजूनेही कोणी उभा करावा, अशीही मुभा होती. अर्थात एवढी सोय पदरात पाडून घेण्यासाठी आधी खतांची होळी करावी लागली होती. म्हणून हा मार्ग आम्ही वाचकांस सुचवीत नाही.

आम्ही सुचवितो तो मार्ग संपूर्ण सनदशीर आहे. कर्ज देताना बँका प्रक्रिया शुल्क आगाऊ कापून घेतात. विम्याचा हप्ता तेथेच कापतात. त्याच कर्जाच्या रकमेतून ‘दिवाळे निधी’ही कापून घ्यावा, म्हणजे हप्ते थकण्याच्या शुभदिनी वकिलाची फी सव्याज तयार असेल, आणि कर्जदाराला आयुष्यात निदान एक देणे वेळेवर दिल्याचे समाधान मिळेल. हे जमत नसल्यास सहकारी पतसंस्थांनी दोन जामिनांवर ‘दिवाळे कर्ज’ सुरू करावे. जामीन ओघाने दिवाळखोर होतील, त्यांनाही तेच कर्ज द्यावे, आणि अशा रीतीने सहकाराचे चक्र अखंड फिरत राहील.

तोवर आमचा सल्ला एवढाच की, ज्यास दिवाळे काढावयाचे असेल, त्याने हाती ऐपत आहे तोवरच काढून घ्यावे. ऐपत गेल्यावर मागे उरते ते निव्वळ दारिद्र्य, आणि ते जाहीर करण्यासाठी आपल्या कायद्यात कलम नाही.