वंगणविचार : छोट्या बोटींच्या शाफ्टसाठी

रेडिओवर चालणारी छोटी बोट बांधणारा हौशी माणूस कित्येक महिने एकाच गोष्टीची तजवीज करत असतो : पाणी आत येता कामा नये. तो सांधे भरतो, तळावर रेझिनचे थर चढवतो, सांगाडा बादलीत दाबून बुडबुडे येतात का ते पाहतो. आणि त्याच तळाला, पाण्याच्या पातळीखाली, स्वतःच्या हाताने ड्रिलने छिद्र पाडतो. मोटर आत आणि प्रोपेलर बाहेर, या दोघांची गाठ घालून द्यायची तर दुसरा इलाज नसतो.

या छिद्रात पितळेची नळी बसते, नळीत पोलादी शाफ्ट फिरतो आणि नळीच्या दोन्ही टोकांना पितळेचे किंवा फॉस्फर ब्राँझचे बुश असतात. मधल्या पोकळीत ग्रीस भरतात. त्याच्याकडून दोन कामांची अपेक्षा असते : शाफ्ट आणि बुश झिजू न देणे आणि पाणी अडवणे. एका बोटीला ग्रीस लागते फार तर चमचाभर. पण त्या चमचाभर पदार्थावरून तळ्याकाठी जेवढा वाद होतो, तेवढा उरलेल्या बोटीवरून होत नाही.

हा प्रश्न छोट्या बोटींनी निर्माण केलेला नाही. वाफेवरच्या जहाजांत शाफ्टभोवती चरबीत भिजवलेला दोर ठासत. पाण्यातल्या टोकाची बेअरिंगे भराभर झिजत, तेव्हा इंग्लंडमधल्या जॉन पेन यांनी १८५४ साली लिग्नम व्हायटी नावाच्या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या तिथे बसवण्याचे पेटंट घेतले. या पट्ट्यांना वंगण म्हणून समुद्राचेच पाणी पुरत असे. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी सगळा खटाटोप, त्यालाच नोकरीला ठेवण्याचा हा शहाणपणा होता. रेडिओवर चालणारी बोट निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दाखवली. म्हणजे छोट्या बोटीच्या शाफ्टला काय लावावे, या चर्चेला सव्वाशे वर्षे होऊन गेली आहेत. ती आटोपण्याची घाई कोणालाच नाही.

ग्रीस निवडण्यापूर्वी पाणी आत कसे येते ते पाहावे, कारण त्यामुळे निम्मी भीती कमी होते. पाणी नळीतून चढते ते बाहेरच्या पातळीइतकेच. नळी मोटरकडे तिरकी वर जाते आणि तिचे आतले तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असले, तर उभ्या बोटीत नळीवाटे थेंबही येत नाही, मग नळीत ग्रीस असो वा नसो. आतले तोंड पातळीखाली असेल, तरी अडवायचे असते काही सेंटिमीटर पाणी, समुद्र नव्हे. चालू बोटीचा मागचा भाग खाली बसतो, बुश झिजून सैल होतात, फिरता शाफ्ट पाणी ओढतो. ग्रीसची खरी परीक्षा तिथे होते. तरीही बुडालेल्या बोटीचा पंचनामा करताना पहिला संशय ग्रीसवर घेतला जातो. डेकचे झाकण लावायचे राहिले होते, ही शक्यता पुष्कळ उशिरा निघते.

आता खुद्द ग्रीसकडे. ग्रीस म्हणजे आटवलेले तेल नव्हे. स्पंजाने पाणी धरून ठेवावे तसे त्यात साबणाच्या सूक्ष्म तंतूंनी तेल धरून ठेवलेले असते. वजनाचा मोठा भाग तेलाचाच असतो आणि वंगणाचे काम तेलच करते. साबण त्याला जागेवर बसवून ठेवतो. गंज रोखणारी आणि झीज कमी करणारी द्रव्ये थोडी असतात. रंग बहुतेक वेळा कारखान्यात मिसळलेला असतो. निळे ग्रीस पाण्यासाठी आणि लाल ग्रीस उष्णतेसाठी, हे ज्ञान तळ्याकाठी फार ठामपणे सांगितले जाते. रसायनशास्त्राला त्याचा पत्ता नाही.

घट्टपणा मात्र मोजता येतो. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या एनएलजीआय या संस्थेने त्यासाठी ०००, ००, ० आणि १ ते ६ अशा श्रेणी ठरवल्या. २५ अंश सेल्सिअसला, साठ वेळा घुसळलेल्या ग्रीसवर ठरावीक वजनाचा शंकू सोडायचा आणि पाच सेकंदांत तो किती रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागांत वाचायचे. २६५ ते २९५ आले तर क्रमांक २, ३१० ते ३४० आले तर क्रमांक १, ३५५ ते ३८५ आले तर क्रमांक ०. गाड्यांच्या बेअरिंगला लागणारे ग्रीस बहुधा क्रमांक २ किंवा ३ चे असते. साठ वेळा घुसळण्याची अट महत्त्वाची आहे, कारण ढवळलेले ग्रीस डब्यात असते त्यापेक्षा निराळे वागते.

पाण्याशी कोणाचे कसे जमते, हे साबणाच्या जातीवर ठरते. सोडियमच्या साबणाचे ग्रीस पाण्यात विरघळू लागते. बोटीसाठी ते वापरणे म्हणजे बोटीला अंघोळ घालण्याचीच सोय. कॅल्शियमच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण जुन्या पद्धतीचे असेल तर उष्णतेपुढे लवकर हार खाते. कॅल्शियम सल्फोनेट हा त्याच घराण्यातला शिकलेला वारस : पाणी, खारे पाणी आणि गंज या तिघांनाही तो पुरून उरतो. लिथियमचे ग्रीस १९४० च्या दशकात आले आणि सगळ्या गॅरेजांत पसरले. ते पाणी बऱ्यापैकी सोसते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

या लिथियम ग्रीसचा एक नातेसंबंध इथे नोंदवायला हवा. त्यातला साबण सहसा बारा-हायड्रॉक्सी-स्टिअरिक आम्लापासून होतो आणि हे आम्ल एरंडेल तेलापासून काढतात. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातही गुजरातेत. म्हणजे ज्या एरंडेलाने बैलगाडीच्या आसाची कुरकुर थांबवली जात असे, तेच हायड्रोजन आणि लिथियमचे संस्कार होऊन, इंग्रजी अक्षरांच्या चकचकीत ट्यूबमध्ये, बोटीच्या शाफ्टसाठी आयात केलेले म्हणून परत विकत घेतले जाते. ट्यूबची किंमत पाहिली तर बैलांना हसू आवरणार नाही.

ग्रीसची जात ठरली की बोटीचा स्वभाव पाहावा. टगबोट, मासेमारीची नौका किंवा युद्धनौकेची प्रतिकृती संथ चालते. तिचा शाफ्ट मिनिटाला काही हजार फेरे घेतो आणि नळी लांब असते. तिथे पाणी सोसणारे मऊ ग्रीस, क्रमांक १ च्या आसपासचे, शोभते. फार घट्ट ग्रीस नळीभर ठासले, तर छोट्या मोटरची ताकद ग्रीस घुसळण्यातच जाते. बोट हलत नाही, पण बॅटरी मात्र प्रवास पुरा करते. हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. ग्रीस भरण्याआधी आणि भरल्यानंतर, प्रोपेलर हवेत असताना, मोटर किती करंट घेते ते मीटरवर पाहावे. आकडा थोडा वाढणारच. फार वाढला तर ग्रीस बदलावे. मोठी मोटर बसवणे हाही उपाय आहे आणि हौशी मंडळींत तोच अधिक लोकप्रिय आहे.

शर्यतीच्या बोटीचे गणित वेगळे. २००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेऱ्यांची, ब्रशलेस मोटर १४.८ व्होल्टच्या बॅटरीवर, भार नसताना, मिनिटाला २९,६०० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. शाफ्टही सरळ सळईचा नसतो. पोलादी तारा पिळून केलेली लवचीक दोरी असते आणि ती वाकलेल्या नळीत फिरते. इथे ग्रीस टिकायला हवे, चिकटून राहायला हवे आणि खारे पाणी सोसायला हवे. म्हणून मोठ्या बोटींसाठी विकले जाणारे मरीन ग्रीस वापरतात. पण तेही कायमचे नसते. दिवसभराच्या शर्यती संपल्या की शाफ्ट बाहेर ओढून पुसायचा, नळी साफ करायची आणि नवे ग्रीस लावून शाफ्ट परत सरकवायचा. खाऱ्या पाण्यात बोट चालवली असेल तर हे काम त्याच दिवशी करावे. गंजाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याची सवय नाही.

घरात सापडणाऱ्या उमेदवारांचा विचार थोडक्यात उरकता येतो. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे थंडीच्या सकाळी बोट आणि मालक दोघेही उन्हाची वाट पाहतात. गोडेतेल हवेत राहून चिकट होते. व्हॅसलिन पाणी अडवते, पण लवकर पातळ होते आणि भार फारसा पेलत नाही. संथ बोटीला ते चालून जाते. डब्ल्यूडी-४० च्या नावातच पाणी हटवण्याचे काम लिहिलेले आहे. ते ग्रीस नव्हे, उलट असलेले ग्रीस धुऊन नेण्यात पटाईत आहे.

दुकानातल्या उमेदवारांतही काहींना परत पाठवावे लागते. सिलिकॉन ग्रीस रबराला आणि प्लॅस्टिकला उत्तम, पण धातूवर धातू घासतो तिथे कमकुवत. शिवाय ते हाताला लागून बोटीवर उमटले, तर त्या जागेवर नवा रंग धरत नाही. ग्राफाइटचे ग्रीस घर्षण कमी करते. मात्र पाण्याच्या सोबतीने ग्राफाइट आसपासच्या धातूला गंजायला मदतही करते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे काळे ग्रीस बुशसाठी चांगले. ते बुशला लागते तितकेच बाहीला, सोफ्याला आणि घरातल्या शांततेलाही लागते.

दोन ग्रीसे मिसळणे टाळावे. लिथियम आणि पॉलियुरिया किंवा माती घातलेले बेंटोन ग्रीस एकत्र आले की मिश्रण बहुधा पातळ होते आणि नळीतून निघून जाते. ग्रीस बदलायचे तर आधीचे पूर्ण पुसून काढावे. जुन्यावरच नवे भरून ‘दोन्हींचे गुण एकत्र येतील’ ही अपेक्षा सोयरिकीत क्वचित पुरी होते. नळीत तर तेवढीही आशा नसते.

भरण्याची सोय बोट बांधतानाच करावी. नळीला मध्यावर एक बारीक उभी नळी डाग देऊन जोडतात आणि सुई काढलेल्या सिरिंजने तिच्यातून ग्रीस भरतात. या उभ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असावे, नाहीतर वंगणाची वाट तीच पाण्याची वाट होते. दोन्ही बुशांपाशी ग्रीस किंचित डोकावले की हात थांबवावा. जास्तीचे ग्रीस आतल्या बाजूने कपलिंगवर येते, फिरते कपलिंग ते बोटीत चहूकडे उडवते आणि रिसीव्हर, बॅटरी, सर्व्हो सगळ्यांनाच वंगण मिळते. बाहेरच्या बाजूने गेलेले ग्रीस तळ्यावर तरंगते. तळे बदकांचे आणि माशांचेही असल्याने जैवविघटनशील ग्रीस वापरावे. पण बाहेर पडणारे ग्रीस मुळात कमी भरणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

एवढे सगळे तपासल्यावर निवड अगदी थोड्या शब्दांत सांगता येते. संथ बोट असेल तर पाणी सोसणारे मऊ लिथियम किंवा कॅल्शियम ग्रीस. वेगवान बोट असेल तर मरीन ग्रीस आणि रोजची साफसफाई. खारे पाणी असेल तर शक्यतो कॅल्शियम सल्फोनेट. चांगल्या दोन ग्रीसांमधला फरक, वेळेवर लावलेल्या आणि न लावलेल्या ग्रीसमधल्या फरकापुढे नगण्य ठरतो. वर्षानुवर्षे एकच स्वस्त ग्रीस नेमाने लावणाऱ्याचे बुश टिकतात. सर्वोत्तम ग्रीसच्या शोधात असणाऱ्याचे बुश, शोध चालू असेपर्यंत, कोरडे फिरतात. ज्यांना हाही विचार नको असेल त्यांच्यासाठी शिडाच्या बोटी आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कॉन्झर्व्हेटरी वॉटर या तळ्यावर रेडिओवर चालणाऱ्या अशा बोटी भाड्याने मिळतात. त्यांना प्रोपेलर नसतो, शाफ्ट नसतो आणि ग्रीसही लागत नाही. तिथे मतभेद फक्त वाऱ्याशी होतात.