खोट्या इथरची पहिली कमाई: नवशिक्यांसाठी

इथेरियमवर काहीतरी बांधायचं ठरवलंत? उत्तम. घरी एवढ्यात बोलू नका, ‘मग कुठला कॉइन घेऊ?’ एवढंच विचारतील. लॅपटॉपवर नोड जेएस बसवा आणि टर्मिनलमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल इथर्स’ टाका, म्हणजे इथेरियमशी बोलणारी ‘इथर्स’ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी उतरेल.

आता यूट्यूबवरचा एखादा धडा लावा. त्यातली पहिलीच ओळ चालणार नाही. धडा इथर्सच्या पाचव्या आवृत्तीचा, तुम्ही उतरवलीत सहावी. मधल्या काळात ‘युटिल्स’ आणि ‘प्रोव्हायडर्स’ ही दालनं मोडीत निघाली आणि बिगनंबरच्या जागी जावास्क्रिप्टचा स्वतःचा बिगइंट आला. शिकवणाऱ्याला बोल लावू नका. बिचाऱ्याने धडा केला तेव्हा रॉपस्टेन हे चाचणीचं नेटवर्कही जिवंत होतं. मग रॉपस्टेन गेलं, रिंकबी गेलं, गोएर्लीही गेलं. तूर्त सेपोलियावर भागवा.

‘क्रिएटरँडम’ म्हटलंत की वॉलेट तयार. ना केवायसी, ना सही जुळत नाही म्हणणारा क्लार्क. हातात येतात 12 इंग्रजी शब्द, 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. हे शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे. तक्रार करायला कस्टमर केअर नाही. नवशिक्या ते डॉट ईएनव्ही फाइलीत ठेवतो, फाइल गिटहबवर चढवतो, जीभ चावतो आणि पुढच्या कमिटमध्ये काढून टाकतो. गिटच्या इतिहासात ते तसेच राहतात, आणि किल्ल्या हुंगत फिरणाऱ्या बॉटांना झोप नसते. सरावासाठी हार्डहॅट हे डेव्हलपरांचं साधन 20 खाती देतं, प्रत्येकात 10,000 खोटे इथर. त्यांच्या किल्ल्या अख्ख्या जगाला ठाऊक आहेत, तेव्हा तिथे खरे पैसे पाठवलेत तर तो निव्वळ दानधर्म.

हिशेब वेईमध्ये चालतो. 1 इथर म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके वेई. जावास्क्रिप्टचा साधा आकडा सोळाव्या अंकाच्या सुमारास थापा मारू लागतो, म्हणून रक्कम ‘पार्सइथर’ला द्यायची, तीही अवतरणचिन्हांत. नुसता 1 दिलात तर सहावी आवृत्ती अंगावर येते: स्ट्रिंग आणा. चूक तुमचीच.

चाचणीचे इथर ‘फॉसेट’वर फुकट मिळतात. फक्त काही फॉसेटांची अट असते की आधी मुख्य नेटवर्कवर थोडे खरे इथर दाखवा. म्हणजे खोट्यासाठी खरे विकत घ्या. भारतात घेतलेत तर हेही ऐका: 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोट्याची वजावट मिळत नाही. नफ्याची चिंता तुम्हाला इतक्यात पडणार नाही म्हणा.

आता पाठवायचं. हॅश हाती आला म्हणजे व्यवहार झाला असं समजून पेढे वाटू नका, ‘वेट’ लिहून ब्लॉकमध्ये जाईपर्यंत थांबा. पण त्याही आधी एक करा. तुमचा पत्ता सेपोलियावर आणि मुख्य नेटवर्कवर एकच असतो, तेव्हा प्रोव्हायडरला चेन आयडी, म्हणजे नेटवर्कचा क्रमांक, विचारा. 11155111 आला तर बिनधास्त एंटर दाबा. 1 आला तर हात मागे घ्या आणि आधी चहा टाका.