बुलढाणा जिल्हा : एक चिकित्सक अभ्यास

इतिहासात पीएच.डी. करायची तर आधी शीर्षक लागतं; विषय मागाहून मिळतो. शीर्षकाचा साचा ठरलेला. सुरुवातीला ‘बुलढाणा जिल्ह्यातील’, शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’, त्यापुढे कंसात सालं. मधल्या रिकाम्या जागी सहकारी चळवळ घाला, खामगावचा कापूस बाजार घाला, नाहीतर जंगल सत्याग्रह घाला, शीर्षकाला काही होत नाही. मी बारवा घातल्या होत्या. मार्गदर्शक सर म्हणाले, "बारवा नको. आत काही नाही."

"सर, सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेत शिल्पं आहेत की."

"शिल्पं आहेत. कागद नाही."

शेवटी मेहकर भागातल्या जमीनमहसुलावर तडजोड झाली. सालं 1853 ते 1903. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि 1903 मध्ये इंग्रजांनी तो मध्य प्रांताला जोडून टाकला. म्हणजे माझ्या प्रबंधाची सुरुवातच उधारीने झाली.

सर घाटाखालचे, मलकापूरकडचे. मी घाटावरचा. आमच्या जिल्ह्याचे तेरा तालुके सरकारी. खरे तालुके दोनच, घाटावर आणि घाटाखाली. उन्हाळ्यात सर राजूर घाट चढून बुलढाण्याच्या हवेत माझं प्रकरण वाचायला येत, आणि एप्रिल-मेमध्ये त्यांना माझी प्रगती फार समाधानकारक वाटे. हिवाळ्यात मी खाली जायचो, तेव्हा त्याच प्रकरणात चुका निघत.

मग कोर्सवर्क. त्या वर्गात इतिहास, गृहअर्थशास्त्र, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण अशी सगळी मंडळी शेजारी शेजारी बसलेली. संशोधन पद्धती सगळ्यांना एकच, चहाही एकच. एका तज्ज्ञांनी नमुना निवड आणि प्रश्नावली फार तळमळीने शिकवली आणि शेवटी मला उठवलं.

"तुमचे उत्तरदाते किती?"

"सर, सगळे वारलेत."

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मग नमुना लहान ठेवा."

त्यानंतर गृहीतकं. पाच तरी हवीतच. ‘मेहकर परगण्यातील शेतकरी कर्जबाजारी होता’ हे माझं पहिलं गृहीतक. ते मी घरी ऐकवलं तर वडील म्हणाले, "यासाठी मेहकरला कायले जाता? इथंच पाह्यना." शेवटच्या प्रकरणात एकेक गृहीतक घ्यायचं आणि त्याखाली ‘सिद्ध झाले’ लिहायचं असतं. मी चाळलेल्या एकाही प्रबंधात गृहीतक पडलेलं दिसलं नाही. पाचच्या पाच पास, तेही पहिल्या खेपेला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. त्याच वर्गात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण शिकवलं, ते अजून पुरतं आहे. कागद खरा का, शाई-हस्ताक्षर त्या काळचं का, हे बहिरंग. कागद खरा असला तरी लिहिणारा खरं बोलतोय का, त्याला खोटं बोलायचं कारण काय, हे अंतरंग. बाकी सहा महिन्यांत जे शिकलो ते समासाबद्दल होतं. डावीकडे दीड इंच.

आता साधनं. वऱ्हाडच्या माणसाने इतिहास लिहू नये असा कट कोणीतरी पूर्वीच करून ठेवला आहे. मोगलांचे फारसी कागद हैदराबादला. मराठ्यांचे मोडी कागद पुण्याला पेशवे दफ्तरात. निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचा पत्रव्यवहार दिल्लीला. मध्य प्रांताच्या फायली नागपूरला. बुलढाण्याला काय आहे? थंड हवा आहे. म्हणून मग सगळे गॅझेटिअर उघडतात. ए. ई. नेल्सन नावाच्या साहेबाने 1910 मध्ये बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं, आणि तेव्हापासून त्यातली वाक्यं एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात, तिथून तिसऱ्यात, दरवेळी थोडी अशुद्ध होत, सुखाने प्रवास करताहेत.

तळटीपांत ‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्याच पुस्तकात’, हा आमचा मोठा आधार. एकदा पुस्तकाचं नाव लिहिलं की पान संपेपर्यंत तत्रैव, तत्रैव. माझ्या एका सहकाऱ्याने सरांच्या सांगण्यावरून मधला एक परिच्छेद उडवला आणि त्याची तळटीपही उडवली. खालचे सगळे तत्रैव वर सरकले. परिणामी त्याच्या प्रबंधात मेहकर परगण्याचा वसूल लोणार सरोवरावरच्या पक्ष्यांच्या पुस्तकातून निघाला. बाह्य परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. पक्षीतज्ज्ञांच्या लक्षात आलं असतं, पण त्यांना कोण बोलावतो!

परीक्षकांना न सापडणारं तपासायला चौर्य पकडणारं सॉफ्टवेअर असतं. साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं, असा 2018 पासूनचा नियम. माझ्याकडे त्याने ‘प्रस्तुत संशोधनात संशोधकाने’ हे शब्द चोरीचा माल म्हणून पकडले. ते कोणाचे आहेत हे मात्र त्याला सांगता येईना. ते कोणाचेच नाहीत. गायरान आहे.

क्षेत्रभेटीला मी साखरखेर्ड्याला गेलो होतो, तेही माझ्या सालांच्या बाहेर जाऊन. सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावाजवळ 1724 च्या ऑक्टोबरात निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. खान लढाईतच पडला, दख्खन निजामाच्या हाती राहिला आणि पुढची सव्वादोनशे वर्षं हैदराबादचं राज्य चाललं. गावाला फत्तेखेर्डा असं विजयाचं नावही मिळालं. एवढी उलथापालथ आपल्या तालुक्यात झाली म्हणून मी भारावून वही-पेन काढून उभा राहिलो. पाच मिनिटांत भोवती माणसं. सोयाबीन पिवळं पडलेलं आणि हातात वही असलेला अनोळखी माणूस म्हणजे पीकविम्याचा पंचनामाच. एकाने आधार कार्डाची झेरॉक्स पुढे केली. दुसऱ्याने सातबारा. मी सांगितलं, "मी 1724 च्या लढाईची माहिती घ्यायला आलोय." मागून एक आवाज आला, "अरे, त्याचे पैसे तं अजून यायचेच हायेत!"

टपरीवर चहा घेताना एका आजोबांनी विचारलं, "बाबू, इतिहास तं होऊन गेला. समदं लिहून झालं. आता तू काय शोधून राह्यला?" प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मला कोर्सवर्कने दिलं नाही, जमिनीने दिलं. जून 2024 मध्ये सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याच्या लोकांना शेजारी काही दगड दिसले. खणत गेले तर देवळाचा पाया लागला आणि सव्वादोन मीटरखाली शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती, पायाशी लक्ष्मी. लखुजीराजांचा खून 1629 चा. म्हणजे जवळपास चारशे वर्षं लोक तिथे येऊन नमस्कार करून जात होते, शेजारी जमिनीत विष्णू पहुडलेला, आणि आम्ही इकडे ‘संबंधित विषयाचा पूर्व आढावा’ लिहून ‘कोणताही पैलू अस्पर्शित राहिलेला नाही’ म्हणून सही करत होतो.

मोडी शिकलो ती मात्र पोटासाठी. मोडीत शब्द तोडत नाहीत. आधी पानभर ओळी मारायच्या आणि त्यांना अक्षरं लटकावत जायचं. कुठे शब्द संपला हे वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. मला मोडी येते ही बातमी पसरल्यावर मेहकरजवळच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. वाड्यात लाल फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा रुमाल निघाला होता. घरचे, भाऊबंद, गल्ली, सगळे ओसरीवर जमलेले. घरातल्या काकू चहा ठेवून दारात उभ्या. कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांत एकच शब्द होता : हंडा.

मी गाठ सोडली. वरचे कागद पाटीलकीचे, पावत्या, वसुलाचे. खाली एक जाड कागद, घडीवर कसरीने भोकं पाडलेली. मोठ्याने वाचू लागलो. फसली सन होता, त्यात पाचशे नव्वद मिळवून इसवी सन सांगितला, तेव्हा ओसरीवर कौतुकाची कुजबुज झाली. पुढे ‘खत लिहून दिले ऐसे जे’. पुढे चाळीस रुपये. पुढे दरमहा व्याज. खाली साक्षी, आणि सहीच्या जागी छोटा नांगर काढलेला, निशाणी नांगराची. धनको कोण म्हणून नाव वाचलं आणि शेजारच्या घरचे आबा, जे इतका वेळ भिंतीला टेकून नुसते ऐकत होते, ते पुढे सरकून बसले.

"म्हंजे आमच्या पणज्याचे चाळीस यांच्याकडं?"

"तसं दिसतंय."

"फेडल्याची पावती हाये का त्यात?"

पावती नव्हती. मी रुमाल खालपर्यंत उलथला. आबांनी नातवाला मोबाइलवर व्याज काढायला बसवलं. चक्रवाढ की सरळ, यावरून दोन पक्ष पडले. मी दामदुपटीचा जुना नियम सांगितला, व्याज मुदलापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे फार तर ऐंशी. घरधन्याने ताबडतोब शंभराची नोट काढली आणि वीस परत मागितले. आबा म्हणाले, कागद मात्र आमचा. मला आतून दिसत होतं की माझं पहिलं गृहीतक निशाणीसकट सिद्ध होतंय, आणि बाहेरून दिसत होतं की आता निघालेलं बरं.

मग 2023 उजाडलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी मोडी दप्तरं वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. शेजारच्या जालना जिल्ह्यातून फोन येऊ लागले. ज्यांनी मला ‘या शिक्षणाचं पुढे काय?’ विचारलं होतं, ते ‘मोडीचा क्लास कधी काढता?’ विचारू लागले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असे महिने थोडे येतात.

मला एकाच गोष्टीचा राग आहे आणि तो कोणा एकावर नाही. राजवाडे बी. ए. होते. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांच्याकडे नेटही नव्हती, सेटही नव्हती. ‘रियासत’ लिहिणारे सरदेसाईही बी. ए.च. जदुनाथ सरकारांची एम. ए. इंग्रजीची. आणि बुलढाण्याचे यादव माधव काळे, ज्यांच्या 1924 च्या ‘वऱ्हाडचा इतिहास’वर आम्ही सगळे अजून पोट भरतो, त्यांना आज आमच्याकडे मार्गदर्शक सोडाच, मौखिकीला चहा द्यायलाही मान्यता घ्यावी लागेल. या मंडळींनी आधी कागद वाचले, मग लिहिलं. आम्हाला आधी गृहीतक लिहायला लावतात आणि मोडी ऐच्छिक ठेवतात. हे उलटं आहे. इतिहासाच्या कोर्सवर्कमधून प्रश्नावली काढा आणि तिथे मोडी, थोडी फारसी घाला. शारीरिक शिक्षणवाल्यांनाही मोडी आली तर बिघडत नाही.

माझी मौखिकी झाली. बाह्य परीक्षकांनी विचारलं, "या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?" मी म्हणालो, "सर, एका गावात वीस रुपये परत मिळाले." ते हसले, मग पेढे आले.

तेव्हा मेहकर, देऊळगावराजा, मलकापूर, कुठेही तुमच्या माळ्यावर लाल फडक्यातला रुमाल असेल तर तो रद्दीत घालू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उन्हात न ठेवता सावलीत उघडा, मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो घ्या, मोडी येणाऱ्याला दाखवा. फक्त त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावू नका.