जलमार्ग क्रमांक 89 आणि एक बांबू

मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक 66. महाडजवळ हा महामार्ग ज्या सावित्री नदीला ओलांडतो, तिलाही राष्ट्रीय क्रमांक आहे: 89. 2016 च्या कायद्याने देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत सावित्री म्हणजेच बाणकोटची खाडीही आली. तेव्हापासून महाडच्या आसपास दोन राष्ट्रीय मार्ग आहेत. एकावर खड्डे आहेत आणि दुसऱ्यावर उंचवटे. खड्ड्याचा एक गुण मात्र मानलाच पाहिजे, काल होता तिथेच तो आज सापडतो. खाडीतला वाळूचा दांडा पावसाळ्याआधी रत्नागिरी जिल्ह्यात असतो आणि दिवाळीत रायगड जिल्ह्यात निघतो. नदीची एक कड या जिल्ह्याची, दुसरी त्या जिल्ह्याची. त्यामुळे दांड्याची बदली झाली तरी हुकूम कोणाच्याच टेबलावर येत नाही.

मला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण आमचे मेहुणे निवृत्त झाले.

अण्णांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे सांभाळले. जे कागदावर आहे ते आहे, यावर त्यांची श्रद्धा. त्यांना कुठूनसं 1883 चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर मिळालं. त्यात सावित्रीतून भरतीच्या पाण्यावर म्हाप्रळपर्यंत मोठी गलबतं जात आणि लहान नावा थेट महाड गाठत, असं निघालं. शिवाय डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनेच हरिहरेश्वरला आले, खाडीतून वर दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला गेले, हा इतिहास अण्णांना पाठ. तेव्हा आपणही होडीनेच महाड गाठायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. "भाऊजी, एवढ्या माणसांनी भरलेली बोट दासगावला गेली. आपण तिघं. आपल्याला किती पाणी लागणार?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोकडे होतं, पण भावाला ती माझ्यासमोर काही बोलत नाही.

वेसवीच्या धक्क्यावर चाचा भेटले. जन्म या खाडीत गेलेला, त्यांची होडी जेमतेम दोन फूट पाण्यात तरंगणारी, आणि नाळेवर उभा राहायला एक नातू. चाचांनी आकाशाकडे न बघता विचारलं, "उद्या तिथी कंची?" दशमी होती. "मंग साडेसातला भरती. साडेचारला या."

अण्णांना हा हिशेब अडाणी वाटला. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दहाची पाऊणपट साडेसात, इथपर्यंत अण्णा आणि चाचा एकमताने चालले. पण भरती साडेसातला तर साडेचारला कशाला? पाणी सगळ्यांत जास्त असेल तेव्हा निघावं, हे उघड नाही का? म्हणून आम्ही साडेसातला निघायचं ठरवलं. मग घावणे झाले, घावण्यांवर चहा झाला, अण्णांची टोपी सापडली, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. चाचा होडीत झोपले होते. उठून त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चला. जवर पानी हाय तवर जाऊ. मंग बसू."

यातल्या "बसू"चा अर्थ आम्ही विश्रांती असा घेतला.

सुरुवात झकास झाली. मागे बाणकोटचा किल्ला. मराठ्यांच्या काळी हिंमतगड, आणि पुढे अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी घेतल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया. समोरून बागमांडल्याची जंगलजेट्टी मोटारी, म्हशी आणि एक नवरदेव घेऊन येत होती. किल्ल्याच्याही पलीकडे खाडीचं मुख, तिथे लाटा विनाकारण फुटताना दिसल्या. विनाकारण म्हणजे वर काही नाही, कारण खाली. नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू तिथे एकमेकांना अडवतात आणि दोन्ही तिथेच बसतात. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर उभे राहून आपण ज्या सावित्रीच्या दरीकडे बघत भुईमुगाच्या शेंगा खातो, त्याच सावित्रीच्या या मुखाशी आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि महिन्याभराची मुलगी बुडाली, नावेतल्या खलाशांसकट. तिकडे बघून चाचांनी होडी वळवली आणि मुखाबद्दल पुढे एक शब्द काढला नाही.

आता खुणा. अण्णांनी जलवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम वाचून ठेवला होता. समुद्रातून आत येताना तांबडी खूण डाव्या हाताला ठेवायची, हिरवी उजव्या. भारतात हाच नियम, यात शंका नाही. पहिला खांब आला तो पांढरा. मूळचा रंग कुठला हे सांगायला त्यावर बसलेले पाणकावळे तयार नव्हते, आणि तो पांढरा रंगही त्यांनीच दिलेला. पुढे एक बोया होता. बोया म्हटल्यावर तो तरंगला पाहिजे, एवढी माफक अपेक्षा. हा कोरड्या वाळूवर कुशीवर आडवा पडला होता आणि त्याच्या सावलीत एक कुत्रा.

"चाचा, ही खूण चुकीच्या जागी आहे," अण्णा म्हणाले.

"खूण बरोबर हाय, साहेब. पानी हाललं."

मी हे वाक्य लिहून घेतलं. कुठल्यातरी खात्याने कधीतरी खरोखरच पाणी मोजून, खोल जागा बघून या खुणा लावल्या असणार. मग पावसाळे आले. जुलै 2021 मध्ये महाड बुडालं, तेव्हा डोंगरच्या डोंगर चिखल या नदीने खाली आणला. वरून हातपाटीने वाळू काढणारे डुबी मारून एका जागचा खड्डा करतात. त्यांच्या पाठीमागे रात्री चोरून पंप लावणारे आहेतच. ते दुसऱ्या जागी डोह करतात आणि सकाळी त्याच्या शेजारी टेकाड निघतं. या सगळ्यात खांब तेवढा प्रामाणिकपणे जागच्या जागी उभा. आमच्याकडे सरकारी कामात असा प्रामाणिकपणा दुर्मीळ, म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं.

खरी उपयोगाची खूण एकच होती, बाणकोट-बागमांडला पुलाचे वर्षानुवर्षं अर्धवट उभे असलेले खांब. पूल झाला असता तर त्यावरून माणसं गेली असती. झाला नाही म्हणून निदान होड्यांना वाट कळते.

नाळेवरचा पोरगा बांबूने ठाव घेत होता आणि मोठ्याने ओरडत होता, "गळा! गळा! छाती!" अण्णांनी वहीत लिहायला पेन काढलं. "मीटरमध्ये सांग रे." पोरगा म्हणाला, "कंबर." मी विचारलं, कोणाची? माझी की तुझी? पोरगा तेरा वर्षांचा असेल. त्याने माझ्याकडे पाहून मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "माझी. तुमची मांडी." मग "मांडी". मग "गुडघा". बायको डबे वर उचलायला लागली. चाचांनी इंजिन बंद केलं, पंखा वर घेतला, आणि होडीने खालून एक लांब, समाधानी आवाज केला. सासुरवाडीला पोचलेला जावई पाटावर बसतो तशी ती बसली.

पाणी उतरत असताना होडी बसली की ती पाणी परत येईपर्यंत बसते. भरती चढत असताना बसली तर चहा होईतो निघते. साडेचारला या म्हणण्यामागे एवढंच शास्त्र होतं, ते आम्हाला अकरा वाजता कळलं. अण्णांनी फोन काढला. फोनवरच्या नकाशात आम्ही गडद निळ्या पाण्याच्या बरोब्बर मधोमध होतो. अण्णांनी पँट दुमडली, उतरले, आणि त्या निळ्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहून फोन उंच धरला. निळं पाणी तिथेही होतं.

तासाभरात दांडा पूर्ण उघडा पडला. पोरगा तिसऱ्या वेचायला गेला. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्याची आमटी काढली. चाचांनी ओल्या वाळूवर चटई टाकून दुपारचा नमाज पढला. दिशा त्यांनी विचार न करता धरली. अण्णांनी हळूच फोनचं होकायंत्र लावून पाहिलं. तंतोतंत जुळलं. दिवसभरात चाचा आणि फोन यांचं एकमत झालेली तेवढीच वेळ.

जेवण झाल्यावर अण्णा दांड्याचं सर्वेक्षण करायला निघाले. हात मागे बांधून बरेच लांब गेले. पाण्याच्या कडेला त्यांना जाड, ओढल्यासारखा एक माग दिसला, आणि त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं की इथे होडी कोणी ओढली.

"होडी नसंल," चाचा विडी पेटवत म्हणाले. "मगर असंल."

सावित्रीत मगरी आहेत. महाडला त्या काठावर उन्हात पडलेल्या कोणीही पाहाव्यात. अण्णा परत आले ते पळत; मुंजीनंतर प्रथमच पळाले असतील. होडीत बसून श्वास जुळवल्यावर त्यांनी खात्यातल्या माणसाच्या सुरात विचारलं, "पण मगरी महाडच्या गोड्या पाण्यात असतात ना? इथे खाऱ्या पाण्यात कशा?"

"व्हय, महाडच्याच त्या. पन मगरीला कोन सांगनार?"

पाच वाजून गेल्यावर होडीखाली कुठेतरी पाणी बोललं. मग ती एका अंगाने हलली, मग दोन्ही अंगांनी. त्याच सुमारास एक बाई छोट्या होडीतून एकटी वल्हवत आमच्या अंगावरून गेली. खांबांकडे तिने बघितलंही नाही. ती बघत होती कडेला रोवलेल्या जाळ्यांच्या खुंट्यांकडे. आज सकाळी ज्याने जाळं लावलं, त्याने खोल पाणी आज सकाळीच बघितलेलं असतं. पोट त्यावर आहे, म्हणून ही खूण शिळी होत नाही. "त्या तिवरांच्या अंगानं काढा," ती न थांबता ओरडली, "मध्ये मराल!" नदी म्हणजे मध्ये खोल आणि कडेला उथळ, असं शाळेपासून माझं मत होतं. आम्ही तिच्या मागोमाग, फांद्या तोंडावर घेत, कांदळवनाला घासून निघालो, आणि पोरगा पहिल्यांदाच ओरडला, "बांबू बुडला!"

म्हाप्रळला पोचलो तेव्हा आंबेतच्या पुलावर दिवे लागले होते. महाड अजून दूर होतं. चाचा पुढे यायला तयार होते, भरतीही होती, पण बायकोने भावाकडे एकदा पाहिलं आणि अण्णांनी स्वतःहून रिक्षाची चौकशी केली. तीही खड्ड्यांतूनच, पण प्रत्येक खड्डा रिक्षावाल्याच्या ओळखीचा.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा, खाडी सुरेख आहे. तिथी पाहा, पाऊणपट करा, त्यातून तीन तास वजा करा, आणि जी वेळ येईल तेव्हा होडीत बसलेले असा. म्हाप्रळच्या पुढे जायचं तर अमावस्या-पौर्णिमेजवळचं उधाण धरा. अष्टमी-नवमी-दशमीच्या भांगेला भरतीचं पाणी मुळातच कमी चढतं. भाकऱ्या दुप्पट घ्या. आणि बरोबर मेहुणे असतील, तर त्यांना आदल्या रात्रीच होडीत नेऊन झोपवा.