पोषण ट्रॅकर महोदयांस सादर प्रणाम

सन्माननीय पोषण ट्रॅकर महोदय,



१ मार्च २०२१ रोजी आपण अंगणवाड्यांचं मोबाईल ॲप बनून दिल्लीहून अवतरलात आणि मुचकुंदी नदीच्या मुखावरच्या आमच्या पूर्णगडालाही आपल्या कृपाछत्राखाली घेतलंत. केवढे हे उपकार! देशात अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत. पण सेविकांना मुलांचं वजन नीट टिपता येत नाही, हा शोध लागायला आपणच यावं लागलं.

आपण आलात ते इंग्रजी बोलत. अकरा रजिस्टरं वर्षानुवर्षं मराठीत लिहिलेल्या बायकांची उतारवयात इंग्रजीची शिकवणी झाली, तीही बिनपैशाची. सरकारनं २०१९ मध्ये दिलेले दोन जीबी रॅमचे फोन आपल्या भारानं गुदमरले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते परत केले, तरी आपण रुसला नाहीत. मराठी मागाहून आली, त्याबद्दलही आभार.

पण खरी कृपा १ जुलै २०२५ पासूनची. घरी न्यायच्या आहारासाठी आता आईनं आपल्याला चेहरा दाखवायचा. त्याआधी आधारची ओळख पटवायची, म्हणजे ओटीपी हवा. घरात मोबाईल एकच असला, तर तो घरधन्याच्या खिशात आणि घरधनी होडीवर, रेंजच्या पार पलीकडे. ओटीपी काही मिनिटांत मरतो, होडी भरती बघून खाडीत शिरते. एवढी साधी गोष्ट आपल्याला कळवायची राहून गेली, क्षमस्व. तोवर सहा महिन्यांचं पोर काखेत घेऊन त्या बाईनं दारात उभं राहायचं, आणि तिचं बाळंतपण ठाऊक असलेल्या सेविकेनं तिला सांगायचं, ‘बाय, तुझी ओळख पटत नाही गो.’

खोटी नावं गळावीत, आहाराची चोरी थांबावी, हे आम्हालाही हवंच आहे. पण चोर धरायला निघालात आणि अडवलंत बाळंतिणीला!

म्हणून हात जोडून मागणं एवढंच. चेहरा जुळला नाही, तर सेविकेची सही पुरेशी धरा. आहार त्याच दिवशी द्या, पडताळणी मागाहून करा. आणि पुढचा बदल सक्तीचा करण्याआधी महिनाभर रेंज नसलेल्या वाडीत, सेविकांच्या हातात देऊन चालवून बघा. त्या सांगतील ते ऐका.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पूर्णगडचा एक रहिवासी