डोळे तारवटावेत कसे? सातारा-सांगलीकरांसाठी

डोळे तारवटून घेण्याची मक्तेदारी काही पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांकडे नाही. मनावर घेतलं तर सातारकरालाही ते जमतं. अडचण एकच, आपल्याकडे भूगोल आडवा येतो. मान वर केली की अजिंक्यतारा, वळवली की यवतेश्वरचा डोंगर. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्याच्या आतला स्नायू सतत आवळलेला असतो. लांब नजर गेली की तो सैल पडतो आणि तासाभराची मेहनत पाण्यात. म्हणून टेबल असं मांडावं की खिडकी पाठीमागे येईल. किल्लाही दिसत नाही आणि उजेड स्क्रीनवर पडून चमकतो, हा वरकड फायदा.

डॉक्टरमंडळी 20-20-20 चा मंत्र देतात: दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद पाहा. पेठेत राहणाऱ्याने हा नाद सोडावा. आमच्या बोळात 20 फुटांवर समोरच्यांचं स्वयंपाकघर येतं. तिथे 20 सेकंद टक लावून बघणाऱ्याला डोळ्यांखेरीज इतर अवयवांचीही काळजी घ्यावी लागेल.

पापणीवर मात्र ताबा हवा. एरवी माणसाची पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. स्क्रीनपुढे हे प्रमाण आपोआप निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतं. पाण्याचा पातळ थर सुकतो, डोळे चुरचुरू लागतात. घाई असेल त्याने टेबलफॅन थेट तोंडावर घ्यावा. रात्री दिवे मालवून, एका कुशीवर, एक डोळा उशीत दाबून दुसऱ्याने रील बघावेत. मोबाइल नाकापासून वीतभर. चाळिशी लागली तरी नंबर काढायला जाऊ नये. मोबाइल लांब लांब धरत जावं. हात संपला की अक्षरं मोठी करावीत.

निळा प्रकाश अडवणारा चष्मा खुशाल घ्या. कॉक्रेन या वैद्यकीय संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात त्याने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही, तेव्हा आपल्या कार्यात त्याचा अडथळा नाही. शिवाय फोटोत बरा दिसतो.

खरा धोका आहे तो सांगली जिल्ह्यात. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे जाणाऱ्याने सावध असावं. कोरोनात अभ्यासासाठी पोरांच्या हातात आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, आणि थोरांचंही तेच. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे मांडला. 14 ऑगस्ट 2022 ला गावानं ठरवलं, दुसऱ्या दिवसापासून अंमल: संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा, की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. ऐन मालिकांच्या वेळेला! बायाबापड्यांनी ऐकलं नसतं, म्हणून आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त मास्तर घरोघर समजावत फिरले. निवृत्त मास्तरांपुढे कोणाचं चालतं?

तिथे कुणी नातलग असेल आणि भोंगा अजून वाजत असेल, तर पोचायची वेळ साडेआठनंतरचीच धरावी. सातच्या आत पोचलात तर मोबाइल खिशात ठेवून दीड तास आत्याच्या समोर बसावं लागेल. ती निवांत असेल, तिच्यापुढेही टीव्ही नसेल, आणि पगार किती, लग्नाचं कुठवर आलं, हे सगळं ती तुमच्या डोळ्यांत बघून विचारेल.