असल्यास, नसल्यास

मी टाकवे बुद्रुकचा. हे तोंडानं सांगायला काही अडचण नाही. अडचण येते ती ऑनलाइन फॉर्मवर जिल्हा पुणे, तालुका मावळ निवडून गावांची यादी उघडली की. तिथे टाकवे बु. आणि टाकवे खु. एकाखाली एक सख्ख्या भावांसारखे बसलेले असतात आणि माझा अंगठा जाड आहे. बुद्रुक हा फारसीतल्या 'बुजुर्ग'चा मराठी अवतार, म्हणजे थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. हे मला शाळेपासून ठाऊक आहे, माझ्या मिक्सरला नव्हतं. तो आठवडाभर धाकट्याकडे पाहुणचार घेऊन मग घरी आला. खरं तर यादी दाखवण्याआधी फॉर्मनं एवढंच विचारावं, "कान्हे फाट्यावरून आत वळता का?" हो म्हटलं की माणूस इंद्रायणी ओलांडून आंदर मावळात आला. खुर्दचा विषयच मिटला.

हे ज्ञान पाजळायची संधी मला एका श्रावणात मिळाली. आवणी उरकली की आमच्याकडे सप्ताह बसतो. त्याची सगळी व्यवस्था एका लांबट वहीत असायची. आदल्या वर्षी मंडप गळला आणि वहीचा निळा रस्सा झाला. कोणाची पंगत, कोणाचा पहारा, कोण तांदूळ देणार, काही वाचता येईना. पोरं म्हणाली, "गुगल फॉर्म करू." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कंपनीत हजेरीची एक्सेल भरतो, एवढ्या भांडवलावर गाव मला कॉम्प्युटरातला माणूस समजतं.

सप्ताहात वीणा सात दिवस, चोवीस तास खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे होतात. शिवाय पंगती, काकडा, मंडप, माहेरवाशिणींचा मुक्काम, मुंबईकरांची वर्गणी. मी एकाच पानावर २६ प्रश्न टाकले आणि कोणी टाळाटाळ करू नये म्हणून प्रत्येकाला लाल चांदणी लावली. चांदणी लावली की उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

पहिला फोन आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा.

"काय रं, माझं माहेर कोणतं?"

"आप्पा, तो प्रश्न बायकांसाठी आहे."

"मग मला कशाला इचारतो?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण गुगलकडे होतं. प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की एक सोय सापडते, 'उत्तरानुसार विभागात जा'. म्हणजे फॉर्मला फांद्या फोडायच्या. मृदंग वाजवता का? 'हो' म्हटलं तर पुढचं विचारायचं, 'नाही' म्हटलं तर तो प्रश्न समोर येऊच द्यायचा नाही. कागदी फॉर्मवर आपण पिढ्यानपिढ्या 'असल्यास' आणि 'नसल्यास' भोगत आलो, त्याचीच ही विजेवर चालणारी आवृत्ती. मी रात्री जागून फांद्या फोडल्या. आवणी उरकली का? नसल्यास, कधी उरकेल? तांदूळ देणार का? असल्यास, इंद्रायणी की दुसरा? (इंद्रायणी आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. त्यामुळे तालुक्यात दुसरा तांदूळ देणाऱ्याकडे लोक जरा निरखून पाहतात.)

एक अट मात्र जाचली. फांदी फुटते ती एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाला. चौकोनांत चार खुणा करू दिल्या की फांदी बंद. गुगलची समजूत अशी की एक माणूस एकच काम करतो. आमच्या गावात जो मंडप बांधतो तोच वीणा धरतो, तोच बुंदी पाडतो आणि कीर्तनकारांना कान्हे स्टेशनावरून दुचाकीवर तोच घेऊन येतो. त्यानं कोणता गोल भरायचा? शेवटी मी 'सर्व कामे' असा पर्याय ठेवला. तो कोणीच निवडला नाही. सर्व कामं करणाऱ्याला फॉर्म भरायला वेळ नव्हता.

दोन दिवसांत उत्तरं आली आणि तक्ता उघडून मी घाम पुसला. 'नवरा सोबत येणार का?' या प्रश्नाला सतरा पुरुषांनी उत्तर दिलं होतं. आप्पांनी लिहिलं होतं, "नवरा येणार नाही." भजनी मंडळातल्या एकानं "येईल, पण जेवून लगेच निघेल" असं कळवलं होतं. चांदणी होती ना! आमची माणसं आज्ञाधारक. सक्तीनं विचारलं तर नवऱ्याचीही सोय लावतात.

चूक कुठे झाली ते सापडेना. ती सापडवली तात्यांनी. तात्यांचं उभं आयुष्य मुंबईत डबे पोचवण्यात गेलं. डबेवाल्यांचा धंदा १८९० च्या सुमाराचा आणि त्यातली माणसं प्रामुख्यानं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची. तात्यांच्या मते या पट्ट्यात दोनच पिकं, भात आणि डबेवाले. त्यांना मी फांद्या समजावू लागलो. त्यांनी माझा मोबाइल हातभर लांब धरला आणि मलाच समजावलं. डब्याच्या झाकणावर रंगानं खुणा असतात. डबा कुठून निघाला, कोणत्या स्टेशनात उतरायचा, कोणती इमारत, कितवा मजला. गाडीत चढवणारा मजला वाचत बसत नाही. मजल्यावर नेणाऱ्याला डबा कुठून निघाला याचं देणंघेणं नसतं. ज्याला जेवढं लागतं, तेवढंच त्यानं वाचायचं.

"आता तुझा डबा बघ," तात्या म्हणाले. "भजनी मंडळाच्या डब्यात आप्पाला चढवलंस. उतरायचं ठेसन कुठं लिवलंय?"

लिहिलं नव्हतं. विभागात पाठवायची सोय मी केली होती, विभाग संपल्यावर कुठे जायचं ते सांगायचं राहिलं होतं. न सांगितलं तर गुगल माणसाला गुमान पुढच्या विभागात ढकलतं. भजनी मंडळाच्या पुढचा विभाग माहेरवाशिणींचा होता.

"म्हंजी चर्चगेटचा डबा इरारला," तात्यांनी निकाल दिला. प्रत्येक विभागाखाली 'फॉर्म सबमिट करा' निवडायला मला चार मिनिटं लागली.

मग दुसरी भानगड उघडकीस आली. मी विचारलं होतं, "रात्रीच्या पहाऱ्याला आपली हरकत नाही ना?" पर्याय दोन, हो आणि नाही. निम्म्या लोकांनी 'हो' म्हटलं होतं, निम्म्यांनी 'नाही'. फोन करून पाहिलं तर 'हो'वाले म्हणाले, "हो, हरकत नाही." 'नाही'वाले म्हणाले, "नाही, हरकत नाही." तिघांनी 'हो' म्हणजे 'हो, आहे हरकत' अशा अर्थानं लिहिलं होतं आणि त्यातला एक माझा सख्खा मेहुणा.

हो-नाहीचं पक्कं गणित मांडलं जॉर्ज बूलनं. १८५४ साली त्यानं विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं आणि आजचे सगळे संगणक त्याच पायावर उभे आहेत. त्याची बायको मेरी ही आपल्याकडे भारताचा सर्व्हेयर जनरल असलेल्या एव्हरेस्टची पुतणी. इतका आपल्याजवळचा माणूस, पण त्याला मराठीतला 'नाही ना?' कोणी ऐकवला नसावा. पुढे हा बूल पावसात भिजत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांत शिकवलं आणि फुप्फुसाच्या आजारात १८६४ साली गेला. असं सांगतात, की भिजून आलेलं दुखणं भिजवूनच बरं होतं या समजुतीनं बायकोनं त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं होतं. असल्यास-नसल्यासचा इतका भयंकर वापर दुसरा नसेल. आंदर मावळातल्या जुलैत त्याचा पहिला आठवडाही निघाला नसता.

तक्ता चाळताना आणखी एक ओळ दिसली. माहेरवाशिणींच्या विभागात 'पतीचे नाव' या प्रश्नाला मी चांदणी ठेवलेली. एकीनं तिथे नुसतं टिंब दिलं होतं. एक पूर्णविराम. फॉर्म ते उत्तर धरून पुढे गेला होता. नाव वाचायच्या आधीच ओळ कोणाची ते मला कळलं. असंच २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक लागत होता. दोघंही हयात नसलेल्या बायकांसाठीची फांदी मागाहून फुटली, मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. ती बातमी वाचून मी चहा पिता पिता "एवढं साधं सुचू नये?" असं म्हणालो होतो. चांदणी काढली. मग प्रश्नच काढला. पहाऱ्यासाठी, पंगतीसाठी, कशासाठीच तो लागत नव्हता.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मी देवळापाशी मोबाइल घेऊन बसलो. उरलेल्यांचे फॉर्म तिथेच भरून घ्यायचे होते. शेजारी पायरीवर नानी. वय विचारायचं नाही. टमटममधून माणूस उतरला की नानीचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाचा रं तू?" ओळख पटली तर पुढचा प्रश्न आईच्या गुडघ्यांचा. पटली नाही तर "कुणाकडं आलाय?" दोन भावांत बांधावरून वाजलेलं असेल तर थोरल्याला धाकट्याबद्दल ती विचारत नाही, थेट भाताच्या रोपांवर उडी मारते. पोरगी नवऱ्याबरोबर आली तर त्याची नोकरी, पगार, पगारातून कापून जाणारे पैसे, सगळं येतं. एकटीच मोठी बॅग घेऊन उतरली तर नानी फक्त म्हणते, "जेवलीस का?" आणि सरकून जागा देते. टिंबवाली आली तेव्हाही तेवढंच विचारलं. मी नुसता टाइप करत राहिलो. संध्याकाळपर्यंत फॉर्मपेक्षा दुप्पट माहिती जमली होती. त्यातली निम्मी कुठेच लिहून ठेवण्याजोगी नव्हती.

८४ पैकी ८३ पहारे भरले. राहिला बुधवारचा, रात्री दोन ते चार. तो दरवर्षी राहतो, वहीतही तिथे खाडाखोडच असायची. नानी म्हणाली, "ज्यानं फारम काढला, त्यानं धरावा." असल्यास-नसल्यास काही नाही.

तर बुधवारी अडीचच्या सुमाराला मी गळ्यात वीणा घेऊन उभा होतो. पत्र्यावर पाऊस, वीज गेलेली, समईच्या उजेडात टाळकऱ्यांपैकी एक जण जागा आणि तोही वादग्रस्त. तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. एका हातानं काढून पाहिलं. आप्पांना झोप येत नसावी. दुरुस्त केलेला फॉर्म त्यांनी पहिल्यापासून पुन्हा भरला होता. माहेर नाही, नवरा नाही, सगळं थेट भजनी मंडळातून सबमिट. शेवटी 'इतर सूचना' असा एक रकाना मी ठेवला होता, त्यात लिहिलं होतं:

"या वेळी नवऱ्याबद्दल विचारलं नाही. तरी कळवतो, येणार नाही."